नऊ इंचांची दुमड

माझा धाकटा भाऊ पडदे शिवतो. नुसते पडदे. शर्ट नाही, झबली नाही, उशीचे अभ्रे मागितले तरी तोंड वाकडं करतो. पण त्याचा पडदा एकदा टांगला की प्रत्येक चुणी ओळंबा सोडल्यासारखी सरळ खाली येते. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. मी फरशीवाला आहे. एकतीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवतोय, सरळ काय आणि तिरकं काय हे मला कळतं. माझ्या फरशीवर बादलीभर पाणी ओता, ते मी सांगितलेल्या कोपऱ्यातच जाणार. शाळा सातवीत सुटली माझी, पण उताराला शाळा लागत नाही.

पडद्यांच्या दुकानात धाकट्याला मीच लावला. तो म्हणतो, "दादा, तू मला दुकानाच्या दारात सोडलंस आणि निघून गेलास." म्हणजे लावलाच ना. दार मीच दाखवलं.

आज तो त्या दुकानाचा पहिल्या नंबरचा माणूस आहे. मालक स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, मापं घ्यायला हाच येईल, वेळ मिळेल तेव्हा, घाई असेल तर दुसरीकडे जा. असा मान मलासुद्धा उशिरा मिळाला.

त्याला एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण रांगायला लागल्यावर पहिलं काम तिनं काय केलं असेल, तर बापाच्या मशीनखालचं बटण गिळलं. दोन दिवस सगळं घर त्या एका बटणाची वाट बघत होतं. ती दीड वर्षाची असताना तिची आई आजारपणात गेली. तेव्हा सगळे म्हणाले, पोरीला मोठ्या भावाकडे ठेव. मीपण म्हणालो, माझं घर आहे, चार खोल्या आहेत, माझी बायको आहे. धाकटा म्हणाला, "दादा, ती माझ्याकडेच राहील. तू रविवारी ये." त्यानं माझा शब्द मोडला असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके. हा पहिला.

त्यानं ते निभावलं, आणि कसं निभावलं ते मी सांगतो. त्याच्या घरात एका दोरीवर पाच चिमटे आहेत, प्रत्येक चिमट्याला शाळेचा एकेक दिवस. रविवारी दुपारी तो पाच दिवसांचे कपडे, मोज्यांसकट, त्या चिमट्यांना लावून टाकतो. सकाळी कुणी काही शोधत नाही. दूध तापतंय तोवर वेणी, वेणी होतेय तोवर पाढे. वेणी तो तीन पदरांची घालतो आणि शेवटी दोऱ्याला गाठ मारावी तशी एक बारीक गाठ मारतो, संध्याकाळपर्यंत केस सुटत नाहीत. माझ्या बायकोनं ती गाठ त्याच्याकडून शिकून घेतली, हे ती कबूल करणार नाही.

दुकानात तो सकाळी आठला जातो, आणि त्याचे सोबती साडेपाचला सुटतात तेव्हा हा साडेतीनला सुटलेला असतो. मालकाशी त्यानं तसं ठरवून घेतलंय. उरलेलं शिवण तो घरच्या मशीनवर करतो. चारला बटण शाळेतून येते. तेव्हा हा घरात असतो. तिची शाळा सुरू झाल्यापासून हे एकदाही चुकलं नाही. मी विचारायचो, "चारला काय असतं रे एवढं? पोरगी काय वाघाच्या तोंडात जाणार आहे?" तो नुसता हसायचा.

आता माझ्या डोक्यात जो किडा होता त्याबद्दल. धाकटा भाड्याच्या घरात राहतो. तोवर आठ वर्षांत चार घरं झाली होती. कुठं मालकाचा मुलगा लग्न होऊन आला, कुठं भिंतींना ओल आली. पण दर वेळी सामान निघालं की अर्ध्या दिवसात दुसऱ्या घरात लागलेलं, कारण त्याच्या घरात भिंतीला एक खिळा नाही. सगळं उभं राहणारं किंवा लटकणारं. भिंतीवर काही लिहायचं तर शिवणाच्या खडूनं, म्हणजे हात फिरवला की गेलं. आणि पडदे तेच. चार घरांत तेच गडद निळे पडदे, बटणच्या आईनं निवडलेल्या कापडाचे. प्रत्येक घराची खिडकी वेगळी, पण पडदे कधी आखूड पडले नाहीत की लोळले नाहीत. ते कसं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, खिडक्याच तशा मिळतात.

मला मात्र ते भाडं डाचायचं. मी स्वतःचं घर बांधलंय. पाया माझ्यासमोर खणला, फरशी माझ्या हाताची, उंबऱ्याचा दगड मी चार ठिकाणी फिरून आणलाय. आणि माझा भाऊ, ज्याचे पडदे अख्ख्या गावातल्या खिडक्यांवर आहेत, तो दुसऱ्याच्या भिंतीत राहतो, हे मला चारचौघांत सांगताना जड जायचं. मी सांगायचोच नाही. "भाऊ अमक्या गल्लीत असतो," एवढंच.

काही महिन्यांपूर्वी त्याच्या घरमालकानं घर विकायला काढलं. मालक म्हणजे निवृत्त मास्तर, सरळ माणूस. मुलाकडे राहायला जाणार होते. ते धाकट्याला म्हणाले, "तुम्ही घर स्वतःच्या घरासारखं ठेवलंत. घ्यायचं असेल तर पहिला हक्क तुमचा. महिनाअखेर सांगा."

हे कळल्यावर मी त्याच दिवशी त्याच्याकडे गेलो. खोल्यांच्या फरश्या मनात उखडून नव्या बसवूनसुद्धा टाकल्या.

"घे," मी म्हणालो.

"बँकेत विचारलं मी," धाकटा म्हणाला. "कर्ज मिळतं. पण आत्ताच्या कमाईवर नाही. दुकानात संध्याकाळची पाळी घ्यावी लागेल, साडेसातपर्यंत."

"मग घे पाळी. माणूस घरासाठी काय काय करतो."

"आणि चार ते साडेसात?"

"चार ते साडेसात काय? एक पोरगी सांभाळायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय? मी आहे ना."

त्यानं मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "एक आठवडा बघू. पडदा शिवण्याआधी कापड टाचून बघतो, तसं. मी सोमवारपासून साडेसातपर्यंत थांबतो, तू इथं ये. बसलं नीट, तर शनिवारी मास्तरांना हो म्हणून टाकतो."

मी म्हणालो, एक आठवडा कशाला, दोन दिवसांत दाखवतो. मी तीन वाजताच काम आवरायला लागलो. मुकादमाला सांगितलं, माझ्या भावाचं घर होतंय.

सोमवारी चारला बटण आली. चपला काढल्या, दप्तर ठेवलं आणि दारातूनच सुरू झाली, "काका, आमचा फळा आहे ना, तो…"

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. कुठल्यातरी न्हाणीघरात पाणी तुंबत होतं, अर्थात मी लावलेल्या न्हाणीघरात नाही. मी बटणला हातानं थांब म्हटलं. फोन वीस मिनिटं चालला. ठेवला तेव्हा ती अंडं खात चित्र काढत होती.

"हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

मी म्हटलं बरं झालं, पोरगी शहाणी आहे, फार त्रास नाही. मंगळवारी मी स्वतः होऊन सहाला विचारलं, आज शाळेत काय झालं. "काही नाही." बुधवारी विचारलं, तेच. मी मनात म्हणालो, धाकटा उगाच बाऊ करतो. बाकी सगळं मी चोख केलं. फक्त चिमट्यांचा क्रम माझ्याकडून बदलला आणि गुरुवारी ती खेळाच्या तासाचे कपडे घालून चित्रकलेच्या तासाला गेली. "बाबा असं नाही करत," एवढं तिनं सांगितलं, तेही मला बरं वाटावं म्हणून हळू आवाजात.

पोरगी सांभाळूनही वेळ उरत होता. म्हणून मी घराकडे बघायला लागलो. घर आता आपलंच होणार, मग काय काय करायचं? बुधवारी नजर पडद्यांवर गेली. खालची कड जाड दिसत होती. जाड कड दिसली की माझं डोकं फिरतं, मग ती फरशीची असो की कापडाची. उलटून बघितलं तर आत वीतभर कापड दुमडून शिवलेलं. टेप लावली. नऊ इंच. चारही पडद्यांना नऊ इंच फुकटची दुमड, आणि तिच्यावर जुन्या शिवणींच्या रेघा, एक लाल, एक पिवळी, एक हिरवी. मला वाटलं, सुरुवातीला शिकत असताना शिवले असतील, चुकत चुकत. आता धाकट्याला घर मिळतंय, तर पडदेही नीट हवेत. त्याला चकित करायचं ठरवलं.

धुवायला नेतोय असं धाकट्याला सांगून पडदे काढले आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. त्यानं दुमड उलटून बघितली. "अहो, ही माया कुणीतरी मुद्दाम सोडलीय," तो म्हणाला. शिंपी लोक आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात.

"माझ्या भावानं सोडलीय," मी म्हणालो, "आणि मी त्याचा मोठा भाऊ आहे. काप."

कापायची रेघ मीच मारली, माझ्या पोलादी पट्टीनं. चार पडद्यांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भागसुद्धा, इकडचं तिकडं नाही. शिंप्यानं कड शिवून दिली. कापलेल्या पट्ट्या मी हत्यारांच्या पिशवीत टाकल्या. चांगलं जाड कापड होतं, आणि गुरुवारी सकाळी मला एका ठिकाणी सांधे भरायचे होते. फरशीच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरलं की लगेच पुसावं लागतं, त्याला असं कापड उत्तम. पुसलं. दुपारी पडदे टांगले. काय दिसत होते म्हणून सांगू. खाली जमिनीला नुसते टेकल्यासारखे.

साडेसातला धाकटा आला. चपला काढता काढता थांबला. पडद्याजवळ गेला, खाली बसला, कडेवरून बोट फिरवलं.

"दादा, खालचं कापड कुठंय?"

"ते? ते काढून टाकलं. जाड दिसत होतं. आता बघ."

"काढून कुठं टाकलं?"

मी पिशवी उघडून दाखवली. सिमेंट वाळून पट्ट्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. त्यानं एक हातात घेतली, मोडल्यासारखा आवाज आला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीपण ओरडलो असतो आणि मिटलं असतं. तो म्हणाला, "ही प्रत्येक रेघ एका घराची होती. लाल पहिल्याची. नवीन खिडकी उंच असली की तेवढं सोडायचं, बुटकी असली की दुमडायचं. म्हणून आपल्याला चारदा पडदे घ्यावे लागले नाहीत."

"आता कुठं जायचंय तुला? घर घेतोयस ना?"

"अजून शनिवार यायचाय, दादा."

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घर त्याचं, पडदे त्याचे, कात्री तुमची का?" मी म्हणालो, कात्री शिंप्याची होती. ती म्हणाली, "तेवढंच खरं बोललात."

शुक्रवारी संध्याकाळी मी निघत होतो तेव्हा धाकटा बटणची वही बघत होता. वहीत बाईंची चिठ्ठी. मुलगी आठवडाभर बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतेय, फळा दिसत नसावा, डोळे तपासून घ्या.

"बटण, तुला फळा दिसत नाही?"

"पुसट दिसतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सोमवारीच सांगत होते."

"कुणाला?"

तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. तिला वाईट वाटत होतं, माझ्यासाठी. नऊ वर्षांच्या पोरीनं आपली कीव करावी, यापेक्षा मुकादमाच्या शिव्या परवडल्या.

धाकट्यानं मला जिन्यापर्यंत सोडलं. तिथं त्यानं मला चार वाजताची गोष्ट सांगितली. "ती दारातून आली की वीस मिनिटं बोलते. सगळं. कोण पडलं, कोण रडलं, काय दुखतं. ती वीस मिनिटं गेली की संपलं. नंतर तू सोन्याचं नाणं दे, ती 'काही नाही' म्हणते. तिला आई असती तर ती वीस मिनिटं दोघांपैकी कुणाला तरी मिळाली असती. मी एकटाच आहे, म्हणून मला चारला घरात असावं लागतं."

मी म्हणालो, "मग भाड्याच्या घरात जन्म काढणार?"

"जन्म कशाला? अजून पाच-सहा वर्षं. मग तीच म्हणेल, बाबा, तुम्ही चारला घरात कशाला असता. तेव्हा घेतो पाळी, तेव्हा घेतो घर. फरशी तू लावायचीस."

शनिवारी त्यानं मास्तरांना 'नाही' म्हणून सांगितलं. मी त्याच्याबरोबर होतो. मास्तर म्हणाले, "विचार केलात ना नीट?" धाकटा म्हणाला, "केला. दादांनी मदत केली." मास्तरांनी माझ्याकडे मोठ्या आदरानं बघितलं. मी मान हलवली.

सोमवारपासून तो पुन्हा साडेतीनला सुटायला लागला. बटणला चष्मा लागला, गोल, निळ्या काड्यांचा. आणि महिन्याभरात दोन गल्ल्या सोडून दुसरं घर मिळालं, शाळेच्या आणखी जवळ. वरच्या मजल्यावर घरमालकीण, एक नर्सबाई. खाली या दोघांच्या दोन खोल्या, उजेड भरपूर. मोठी खिडकी छतापासून निघून पार जमिनीच्या वीतभर वर येऊन थांबलेली. सामान दुपारपर्यंत लागलं. शेवटी पडदे टांगले.

ते जमिनीपासून नऊ इंच वर लोंबत होते. अगदी बरोबर नऊ इंच. मी टेप लावली नाही, मला लावायची गरज नव्हती.

"आखूड झालेत," बटण म्हणाली.

"चालतंय," धाकटा म्हणाला. "दांडी खाली घेतली तर वर खिडकी उघडी पडेल. तसं कापड आता मिळत नाही. राहू दे असंच, पाय मोकळे दिसतात त्यांचे." त्याला हसू आलं, बटणलाही आलं. मला नाही आलं.

इथं माझ्याबद्दल एक सांगावं लागेल. मी परक्याच्या भिंतीत फुकट काम करत नाही. एकतीस वर्षांत केलेलं नाही. सख्ख्या मेहुण्याच्या भाड्याच्या घरात नळाखालची एक फुटकी फरशी बदलली नाही, दोन वर्षं तो बोलत नव्हता. ज्याचं घर त्यानं पैसे घालावेत, हा माझा नेम.

मी वर गेलो आणि नर्सबाईंचं दार वाजवलं.

"खालच्या खिडकीशी एक कट्टा बांधू का?" मी विचारलं. "भिंतीपासून भिंतीपर्यंत, नऊ इंच उंच, वर फरशी. साहित्य माझं, मजुरी माझी. घर तुमचं, कट्टाही तुमचाच राहील."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि तुम्हाला काय मिळणार?"

"ते आमचं आम्ही बघू," मी म्हणालो.

रविवारी विटा आणल्या. एका मोठ्या कामातून उरलेली करड्या रंगाची फरशी मी घरी जपून ठेवली होती, माझ्या स्वतःच्या गच्चीसाठी. ती आणली. बायको म्हणाली, "गच्चीचं काय?" मी म्हणालो, "गच्ची कुठं पळून चाललीय?" धाकटा चहा करून देत होता, मधून मधून "दादा, जेवून घे" म्हणत होता. मी जेवलो नाही. काम सुरू असताना मी जेवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. चार वाजता शेवटची फरशी बसली. पडदे सोडले. कट्ट्याला नुसते टेकले, जणू त्या खिडकीसाठीच कापले होते. आता कुणी म्हटलं की मी पडदे बिघडवले, तर त्यानं येऊन बघावं.

दोन दिवस कट्टा वाळू दिला. बुधवारी मुद्दाम चारला गेलो. धाकटा मशीनवर होता, खिडकीसमोर. बटण आली, चपला काढल्या, दप्तर टाकलं, कट्ट्यावर चढून पाय दुमडून बसली आणि सुरू झाली. फोन मी घरीच ठेवून गेलो होतो. धाकट्याचा पाय मशीनवर थांबलेला, सुई कापडात तशीच. कोण पडलं, कोण रडलं, फळ्यावर शेवटच्या ओळीत काय लिहिलं होतं, शेजारीण आता तिच्या वहीतून कशी उतरवून घेते. मी मोजली नाही, पण वीस मिनिटं असतीलच. मग ती थांबली, चष्मा वर सारला आणि वाकून कट्ट्याकडे बघायला लागली.

"काका, ही फरशी तिरकी आहे."

"कुठली?"

"ही. कोपऱ्यातून तिसरी."

धाकटा मान खाली घालून धागा ओवायला लागला, जो आधीच ओवलेला होता. मी म्हणालो, तुझा चष्मा नवीन आहे, सवय व्हायचीय. ती म्हणाली, चष्म्यानंच दिसली. मग मी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, गुडघ्यावर बसलो आणि लावून बघितली.

अर्धं सूत. एका सुताचं अर्धं. जगातला दुसरा कुठलाही फरशीवाला ते बघून सोडून देईल.

मी म्हणालो, "रविवारी येऊन बदलतो."

"नको," बटण म्हणाली. "राहू दे. मी त्याच्यावरच बसते."

लोक आता मला विचारतात, भाऊ कुठं असतो. मी त्यांना पूर्ण पत्ता सांगतो. नर्सबाईंच्या खालच्या मजल्यावर, म्हणतो, मोठी खिडकी आहे, तिला निळे पडदे आहेत, ते माझ्या भावानं शिवलेत. चारच्या नंतर जा, पण लगेच बोलायला सुरुवात करू नका. आधी पोरगी बोलते. कट्टा दिसेल, तो मी बांधलाय. तिसरी फरशी बघायची गरज नाही.